जिवाणूचं बाहेरचं आवरण आणि औषधाला दाद न देणं

पेट्रीडिश

गेल्या आठवड्यात रक्ताच्या एका नमुन्यातून वाढलेला क्लेबसिएला नावाचा जिवाणू प्लेटवर रेघून ठेवला होता. सकाळी इनक्युबेटर उघडला तर वसाहती टपोऱ्या, ओल्या, चकाकणाऱ्या, एकमेकींत ओघळलेल्या. लूपचं, म्हणजे तारेच्या बारीक कडीचं टोक एकीला टेकवलं आणि सावकाश वर उचललं. डिंकाची निघावी तशी तार निघाली. लांबत गेली, मधे बारीक झाली, उजेडात क्षणभर चमकली आणि जवळजवळ तीन सेंटिमीटरवर तुटली. पाच मिलिमीटरच्या वर तार गेली की आम्ही ही चाचणी पॉझिटिव्ह धरतो.

ती तार म्हणजे जिवाणूने अंगाभोवती गुंडाळलेलं साखरेच्या साखळ्यांचं आवरण, कॅप्सूल. १९८६ मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी यकृतात गळू करणाऱ्या आक्रमक क्लेबसिएलाची नोंद केली. पुढे तशा जिवाणूंची प्रयोगशाळेतली पहिली खूण ही तारच ठरली.

मी गेली बरीच वर्षं जिवाणूंच्या या बाहेरच्या रेणूंवर काम करते आहे. औषधरोधाचा विषय निघाला की बोलणं बहुतेकदा एन्झाइमपाशी येऊन थांबतं. जिवाणूला औषध तोडणारं एन्झाइम मिळालं, औषध निकामी झालं. ते खरंच आहे. पण आवरणाची गोष्ट मागे पडते आणि मला ते मनापासून खटकतं. औषध पहिल्यांदा भिडतं ते आवरणाला. आपल्या पांढऱ्या पेशी जिवाणूला ओळखतात ते आवरणावरून. कितीतरी लसी बेतलेल्या असतात त्याही आवरणावरच. त्यामुळे जिवाणूने आवरण बदललं की हे तीनही हिशेब एकदम बदलतात, आणि त्यात त्याच्या पदरचंही काही जातं. हे जे जातं, त्याच्यासाठी हा धागा काढला आहे.

थोडं मागे जाऊ. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियान ग्राम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसाचे काप रंगवत होता. त्याला एवढंच हवं होतं की पेशींच्या गर्दीत जिवाणू उठून दिसावेत. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं. काही जिवाणू जांभळे राहिले, काहींचा रंग धुऊन गेला. हा फरक आवरणाचा होता. जांभळे राहणाऱ्या ग्राम-पॉझिटिव्हांची पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे साखर आणि पेप्टाइडच्या जाळीची भिंत वीस ते ऐंशी नॅनोमीटर जाड. ग्राम-निगेटिव्हांची भिंत अगदी पातळ, पण तिच्या बाहेर त्यांना आणखी एक पटल असतं. सगळी मेख त्या बाहेरच्या पटलात आहे.

या पटलाची बाहेरची बाजू लिपोपॉलिसॅकराइडने, म्हणजे एलपीएसने भरलेली असते. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एका पेशीवर याचे दहा लाखांहून अधिक रेणू असतात. पृष्ठभागाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तेच व्यापतात. एका रेणूचे तीन भाग. तळाशी लिपिड ए, म्हणजे चरबीच्या शेपट्या पटलात रोवलेला खुंटा. त्यावर साखरेचा गाभा. त्याच्याही वर ओ-अँटिजेन, साखरेची लांब साखळी, पेशीच्या बाहेर गवतासारखी उभी. लिपिड एवरच्या फॉस्फेटवर ऋण भार असतो. एवढे ऋण भार शेजारी शेजारी आले तर एकमेकांना ढकलतील, म्हणून मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन बसून त्यांना सांधून ठेवतात. हा सांधा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशी घट्ट वीण असल्यावर तेलात विरघळणारी औषधं सहजी आत जात नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्यांना पोरिन नावाच्या प्रथिनांच्या भोकांतून जावं लागतं, आणि तिथून साधारण सहाशे डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) वरचे रेणू जात नाहीत. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक जवळपास साडेचौदाशे डाल्टनचं. म्हणून ते ग्राम-निगेटिव्हांवर चालत नाही. कुठलंही जनुक मिळवलेलं नसताना, जन्मजात.

आता हाच रेणू आपल्या बाजूने पाहू. १८९२ च्या सुमारास रिचर्ड फायफरला दिसलं की पटकीचे मेलेले जिवाणू टोचले तरी प्राणी मरतात. त्याने या विषाला एंडोटॉक्सिन म्हटलं. ते विष म्हणजे हे लिपिड ए. आपलं शरीर ते कशाने ओळखतं, हे कळायला शंभरहून जास्त वर्षं गेली. १९९८ मध्ये ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने एंडोटॉक्सिनला प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांवरून टीएलआर४ हा ग्राहक, म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर शोधला. २०११ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे. हा ग्राहक कमालीचा तिखट आहे. वजनाच्या दर किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम शुद्ध एंडोटॉक्सिन शिरेतून दिलं तरी निरोगी माणसाला हुडहुडी भरून ताप येतो.

याचा चटका मलाही बसला आहे. सुरुवातीच्या काळात मी एका प्रथिनाची पांढऱ्या पेशींवर चाचणी घेत होते. पेशी जोरदार प्रतिसाद देत होत्या आणि मी खूश होते. मग एकदा प्रथिन न घालता नुसतं बफर, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळवतो ते द्रावण टाकलं. तोच प्रतिसाद. बफर ऑटोक्लेव्ह केलेलं होतं, त्यात एकही जिवंत जिवाणू नव्हता. पण १२१ अंशांच्या वाफेत जिवाणू मरतो, त्याचं एलपीएस टिकतं. काचेचं सामान कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं, तेव्हा कुठे ते जातं. चार महिन्यांचं काम टाकून दिलं. निर्जंतुक आणि एंडोटॉक्सिनमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी जे कळलं ते पुस्तकातून कधी कळलं नसतं.

जिवाणूंनी याच्यावर तोड काढलेली आहे. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या थंड अंगात असताना सहा शेपट्यांचं लिपिड ए बनवू शकतो. माणसाच्या ३७ अंशांच्या रक्तात आला की तो चारच शेपट्यांचं बनवतो, आणि चार शेपट्या टीएलआर४ ला जवळजवळ दिसत नाहीत. २००६ मध्ये संशोधकांनी ई. कोलायचं एक जनुक घालून त्याला ३७ अंशांवरही सहा शेपट्या बनवायला लावल्या, तर उंदरांना मारण्याची त्याची ताकदच गेली. दोन शेपट्यांचा फरक!

आणि औषधरोध? कोलिस्टिन हे अँटिबायोटिक घ्या. १९४० च्या दशकाच्या शेवटी सापडलेलं, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून १९७० नंतर बाजूला पडलेलं, आणि बाकीची औषधं चालेनाशी झाल्यावर नाइलाजाने परत आणलेलं. ते धन भाराचं आहे. मघाशी म्हटलं त्या सांध्यातल्या मॅग्नेशियमला हुसकून ते फॉस्फेटला चिकटतं आणि पटल उसवतं. जिवाणू काय करतो? फॉस्फेटवर फॉस्फोइथॅनॉलमीन किंवा अमिनोअरॅबिनोज चढवतो. ऋण भार घटला की कोलिस्टिनला धरायला जागा उरत नाही. आधी हे गुणसूत्रातल्या बदलांनीच होतं असं माहीत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ ची बातमी आली. हेच काम करणारं जनुक प्लाझ्मिडवर, गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं. तो शोधनिबंध वाचून त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

ॲसिनेटोबॅक्टर हा रुग्णालयांत आढळणारा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू तर आणखी पुढे जातो. २०१० मध्ये दाखवलं गेलं की कोलिस्टिनच्या माऱ्याखाली तो लिपिड ए बनवणंच बंद करू शकतो. चिकटायला काही नाही, म्हणजे औषध बाद. पण मग तटबंदीच गेली! एरवी बाहेर अडकणारं व्हँकोमायसिन त्याच्या आत शिरू लागतं. मी ज्याला किंमत म्हणते ती ही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.


रात्रपाळी

फार मोलाचा धागा. मी अतिदक्षता विभागात काम करतो. कोलिस्टिन लिहिताना दर वेळी क्रिएटिनिनकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीच्या आकड्याकडे बघत बघत लिहावं लागतं. एक प्रश्न. पूर्वी लॅबचा रिपोर्ट "सेन्सिटिव्ह" असा यायचा, आता कोलिस्टिनपुढे "इंटरमीडिएट" नाही तर "रेझिस्टंट" एवढंच येतं. असं का?


लॅबवाली

याचं उत्तर मी देते, रोजचं काम आहे. २०२० पासून सीएलएसआयच्या (प्रयोगशाळांसाठी मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) मानकांत कोलिस्टिनसाठी "सेन्सिटिव्ह" हा वर्गच काढून टाकला आहे. जिवाणू प्रयोगशाळेत मेला तरी रुग्णाच्या अंगात औषध पुरेसं काम करेल याची खात्री देता येत नाही, म्हणून. "इंटरमीडिएट" म्हणजे "वापरा, पण भरवसा मर्यादित" असं समजा.

दुसरं, कोलिस्टिनचा रिपोर्ट डिस्क लावून, म्हणजे प्लेटवर औषधाची चकती ठेवून दिलेला असेल तर मानू नका. रेणू मोठा आहे, प्लेटवरच्या आगारमधून नीट पसरतच नाही, त्यामुळे चकतीभोवतीचं वर्तुळ बघून काही कळत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच, म्हणजे पातळ पोषकद्रवात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घालून तपासणंच करावं लागतं. आणि त्या ब्रॉथमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण ठरलेलंच असावं लागतं. इतकी वर्षं मी ते सूचनेत आहे म्हणून पाळत होते. पेट्रीडिश ताईंचा तो सांधा वाचला आणि आज कारण कळलं.


पेट्रीडिश

लॅबवाली, अगदी नेमकं. मॅग्नेशियम जास्त झालं तर ते कोलिस्टिनला आत येऊ देत नाही आणि जिवाणू उगाच रेझिस्टंट दिसतो. नळीतलं मीठ चुकलं की रुग्णाचं औषध चुकतं. तुमच्यासारखी माणसं हे काटेकोर करतात म्हणून पुढचं सगळं चालतं.


साधा_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, तरी समजलं. पण एक शंका आली. अँटिबायोटिकने जिवाणू फुटतात, मग त्यांचं विष एकदम रक्तात येऊन माणूस जास्त बिघडत नाही का? अशा वेळी औषध थांबून द्यावं का?


पेट्रीडिश

शंका रास्त आहे. जिवाणू फुटताना एलपीएस सुटतं हे खरं आहे. पण थांबण्याचा विचारही नको. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, औषधाला उशीर झाला की मृत्यूचा धोका वाढतो. जिवाणू जिवंत राहिला तरी वाढता वाढता एलपीएस सोडतच असतो, आणि तो दुपटीने वाढतो.

मग एंडोटॉक्सिनलाच का अडवू नये, असा प्रयत्नही झाला. १९९० च्या आसपास लिपिड ए विरुद्धच्या प्रतिपिंडांवर मोठी आशा होती, ती फळली नाही. नंतर एरिटोरान नावाचा रेणू आला. लिपिड एसारखाच दिसणारा, टीएलआर४ ची जागा अडवून बसणारा. कल्पना सुंदर होती. २०१३ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत. माझं वाचन असं की रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा टीएलआर४ ची धोक्याची घंटा वाजून गेलेली असते. मग घंटा धरून ठेवण्यात अर्थ नसतो.


सोनचाफा

टायफॉइडच्या विडाल रिपोर्टवर "ओ" आणि "एच" लिहिलेलं असतं. तो "ओ" म्हणजे हाच ओ-अँटिजेन का?


पेट्रीडिश

हो, तोच. "एच" म्हणजे जिवाणूच्या शेपटीचं, फ्लॅजेलमचं प्रथिन. ही अक्षरं जर्मन आहेत. प्रोटियस नावाचा जिवाणू प्लेटवर पोहत पसरतो तेव्हा काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा धुरकट थर दिसतो. जर्मनमध्ये त्याला "हाउख". न पोहणारे ते "ओने हाउख", म्हणजे श्वासाविना. त्यावरून एच आणि ओ. ई. कोलाय ओ१५७:एच७ हे नावही याच पद्धतीने पडलं आहे.

विडाल १८९६ ची चाचणी आहे. आधीच्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खरी खात्री रक्ताच्या कल्चरमधून होते, आणि कोणतं औषध चालेल तेही तिथेच कळतं. औषध सुरू करण्याआधी रक्त घेतलेलं असलं पाहिजे, एवढा आग्रह मात्र प्रत्येकाने धरावा.


निरगुडी

लसींबद्दल एका वाक्यात उरकलंत. थोडं सविस्तर लिहाल का?


पेट्रीडिश

लिहिते, हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे.

१९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचे दोन प्रकार उंदरांना टोचले. कॅप्सूल असलेला गुळगुळीत प्रकार उंदरांना मारायचा, कॅप्सूल गमावलेला खरखरीत प्रकार मारत नसे. मेलेल्या गुळगुळीतांबरोबर जिवंत खरखरीत टोचले तर उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत सापडले. काय हस्तांतर झालं हे शोधता शोधता १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी डीएनएपर्यंत पोहोचले. आनुवंशिकतेचा रेणू सापडला तो एका साखरेच्या कोटाचा माग काढताना, हे मला अजूनही थरारक वाटतं.

ज्याच्यावर जिवाणूची ताकद उभी आहे त्याच कॅप्सूलवर लस बेतली की त्याची कोंडी होते. पण नुसत्या साखरेला दोन वर्षांखालच्या बाळांची प्रतिकारयंत्रणा नीट प्रतिसाद देत नाही, आणि आठवणही धरत नाही. म्हणून साखर एका प्रथिनाला जोडतात, त्या कॉन्ज्युगेट लसी. हिबची (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूची) आणि न्यूमोकोकसची लस अशीच. टायफॉइडच्या जिवाणूचं कॅप्सूल म्हणजे व्हीआय; त्याच्या कॉन्ज्युगेट लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. औषधरोधक जिवाणूलाही लस तशीच लागू पडते, कारण औषध तोडणाऱ्या एन्झाइमशी तिला काही देणंघेणं नाही.

मेंदूज्वर करणारा मेनिंगोकोकस बी मात्र इथे चकवतो. त्याच्या कॅप्सूलची साखर आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखीच आहे. शरीर तिला परकी मानत नाही, आणि मानायला लावणंही धोक्याचं. शेवटी त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं निवडून लस करावी लागली.


विदागार

लेख आवडला, पण तुमच्या "किंमत" या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी जिवाणूंच्या जनुकसंचांवर काम करतो. किंमत पहिल्या पिढ्यांत दिसते. नंतर दुसरीकडे भरपाईचे बदल होतात आणि रोध तसाच राहून वाढीचा वेग परत येतो. एमसीआर-१ इतक्या लांब पसरलं, ते किंमत जड असती तर पसरलं असतं का? वाचकांचा असा समज होऊ नये की औषध काही दिवस बंद ठेवलं की रोध आपोआप ओसरेल.


पेट्रीडिश

मुद्दा बरोबर आहे, आणि माझ्या लिखाणातून तसा समज होत असेल तर दुरुस्ती करते. ॲसिनेटोबॅक्टरने पूर्ण लिपिड ए सोडून देणं आणि एमसीआर-१ ने फॉस्फेटवर छोटी टोपी चढवणं, या दोन्हींची किंमत सारखी नाही. दुसरी पुष्कळ हलकी आहे, आणि भरपाईचे बदल मीही प्लेटवर पाहिले आहेत.

तरी शून्य नाही. चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन घालणं थांबवलं, आणि त्यानंतर जनावरांत आणि माणसांत एमसीआर-१ चं प्रमाण घटल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. नाहीसं झालं नाही, घटलं. औषधाचा दाब काढला की हलकी किंमतही दिसू लागते, एवढंच मी म्हणेन.


विदागार

एवढं मला मान्य. "घटलं, नाहीसं झालं नाही" हे धाग्यात ठळकपणे यावं असं वाटत होतं.


निरगुडी

जिवाणूभक्षी विषाणूंचं काय? फाज थेरपी हा मार्ग अँटिबायोटिकपेक्षा सरस वाटतो मला. जिवाणू बदलला की फाजही बदलतो.


पेट्रीडिश

फाज हा आशेचा मार्ग आहे. पण फाजही जिवाणूवर उतरतो तो आवरणावरची खूण शोधूनच. कुणाला ओ-अँटिजेन लागतं, कुणाला ठरावीक कॅप्सूल. जिवाणू ती खूण टाकून देतो आणि फाज चुकतो. प्लेटवर हे एका रात्रीत घडताना दिसतं.

किंमतीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मात्र इथेच मिळतं. २०२१ मध्ये ॲसिनेटोबॅक्टरवर झालेल्या कामात फाजला चुकवण्यासाठी जिवाणूंनी कॅप्सूल गमावलं, आणि त्याबरोबर रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांपुढे ते उघडे पडले. काही अँटिबायोटिकही पुन्हा लागू पडू लागली. म्हणून मी फाज विरुद्ध अँटिबायोटिक अशी लढत मांडत नाही. फाजने जिवाणूला एका कोपऱ्यात ढकलायचं आणि तिथे औषध तयार ठेवायचं, अशी जोडी मला पटते.


रात्रपाळी

२०१९ या एका वर्षात औषधरोधामुळे थेट गेलेले जीव १२ लाख ७० हजार, असा जागतिक अंदाज २०२२ मध्ये आला. माझ्या वॉर्डात तो आकडा एकेका पलंगावर असतो. म्हणून सरळ विचारतो. या आवरणाच्या अभ्यासातून औषध निघतंय का?


पेट्रीडिश

निघतंय, सावकाश.

एलपीएस पेशीच्या आत बनतं आणि बाहेरच्या पटलावर न्यावं लागतं. मधे पाण्याचा पट्टा, आणि चरबीच्या शेपट्या पाण्यात उघड्या पडायला नकोत. त्यासाठी सात प्रथिनांचा एक पूल असतो, त्यावरून एकामागून एक रेणू ढकलले जातात. जानेवारी २०२४ मध्ये झोसुराबाल्पिन या नव्या वर्गातल्या औषधाचं काम प्रसिद्ध झालं. ते या पुलाच्या आतल्या टोकाशी एलपीएसला वाटेतच जखडून ठेवतं. बाहेर आवरण पोहोचत नाही, आत माल तुंबतो आणि ॲसिनेटोबॅक्टर मरतो. कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकांना दाद न देणारेही मरतात. मात्र ते ॲसिनेटोबॅक्टरपुरतंच आहे. तुमच्या क्लेबसिएलावर चालणार नाही.

याच पुलाच्या बाहेरच्या टोकावर मारा करणारं मुरेपावाडिन हे औषध स्यूडोमोनास या जिवाणूसाठी आलं होतं. २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या त्रासामुळे त्याच्या शिरेतून देण्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. सेफिडेरोकॉल हे अँटिबायोटिक मात्र आज हातात आहे. जिवाणूला लोह हवंच असतं. हे औषध लोहाला धरून ठेवतं, आणि जिवाणू स्वतःच्याच लोहाच्या दारातून त्याला आत घेतो.


साधा_वाचक

त्या तार निघालेल्या नमुन्याचं पुढे काय झालं?


पेट्रीडिश

तो क्लेबसिएला जवळजवळ सगळ्या औषधांना दाद देणारा निघाला. तार लांब, पण औषधरोध नाही. पूर्वी हे दोन गुण बहुधा वेगवेगळ्या जिवाणूंत असायचे: जो आक्रमक तो औषधाला बळी पडायचा, जो रोधक तो तितका आक्रमक नसायचा. आता दोन्ही एकत्र असलेले जिवाणू सापडू लागले आहेत. त्यामुळे तार निघाली की सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. या वेळी सकाळी लॅबमधून फोन आला तेव्हा मी आधी खुर्चीत बसले.

ग्राम-पॉझिटिव्हांबद्दल इथे जवळजवळ काहीच लिहिलं नाही. त्यांच्या भिंतीतल्या टीकोइक आम्लांवर आणि व्हँकोमायसिनवर वेगळा धागा काढते.


लॅबवाली

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्या एन्टेरोकॉकस जिवाणूचं नक्की घ्या, आमच्याकडे या महिन्यात तीन आले आहेत.